बघायचे दोनशे

गायमुखचा घाट म्हणजे काही कसारा नव्हे. घोडबंदर रोडने ठाण्याकडे जाताना लागणारा लहानसा चढ, रिकामी गाडी असली तर जाणवतही नाही. पण गेल्या मे महिन्यात एका रविवारी सकाळी साडेदहाला माझ्या पिकअपच्या मागे एकशे ऐंशी माणसांचं लग्नाचं जेवण होतं, पुढे बंद पडलेला ट्रेलर होता आणि आम्ही पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलांनी चढत होतो. मसालेभाताच्या टोपावरचं फडकं मी उतरून दोनदा नीट केलं. तिसऱ्यांदा उतरणार तेवढ्यात पुतण्या म्हणाला, “काकू, उकळली.”

बावीस वर्षं मी कांदिवलीच्या चारकोपात केटरिंग करते. ‘उकळी आली’ हे माझ्या कानावर दिवसातून पन्नास वेळा पडतं आणि बहुतेक वेळा ती चांगली बातमी असते. त्या दिवशी काटा लाल पट्टीच्या पार गेला होता आणि बोनेटच्या फटीतून वाफ येत होती.

पुतण्याने गाडी बाजूला घेतली, हे बरोबर केलं. त्यानंतर फडकं हातात धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं. मी स्वयंपाकघरात जन्म घालवलेली बाई, पण माझ्याही डोक्यात वेळेवर आलं नाही की हा कुकर आहे. शिट्टी न काढता, वाफ न जिरवता कुकर उघडल्यावर जे होतं तेच झालं. मनगटापासून कोपरापर्यंत पोळलं. नशीब, तोंड बाजूला होतं. मग घाबरून त्याने पाण्याचा कॅन उचलला आणि इंजिनवर ओतणार, एवढ्यात शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडला, “अरे थांब! मावशी, बिडाचा तवा तापला की त्यावर गार पाणी टाकता का?”

नाही टाकत. तवा तडकतो. अशा जुन्या डिझेल इंजिनचा ब्लॉकही बहुधा बिडाचाच असतो.

चाळीस मिनिटं थांबलो. पुऱ्या तळायचं साहित्य पुढे रिक्षाने पाठवलं, मठ्ठा गरम झाला, जिलबी मऊ पडली. हॉलवर एक वाजता पोचलो. नवऱ्या मुलाच्या मामांनी मला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही, त्यांचं चुकलं नव्हतं. बिलातले आठ हजार मी स्वतःहून कमी केले.

हे सगळं सांगायचं कारण गाडी तापली हे नाही. जुन्या गाड्या तापतातच. कारण हे आहे की त्या रविवारपर्यंत ही गाडी मार्चपासून चार गॅरेजांत जाऊन आली होती, माझे बारा हजार नऊशे रुपये गेले होते आणि चारांपैकी एकानेही मला विचारलं नव्हतं की ती तापते कधी.

गाडी कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण दोष तिचा नव्हता. २०१२ ची डिझेल पिकअप. माझ्या यजमानांनी घेतली, ते गेल्यावर पुतण्या चालवतो. पहाटे साडेतीनला वाशी मार्केटला भाजीला जायचं, आठपर्यंत परत यायचं, दुपारी-संध्याकाळी हॉलवर जेवण पोचवायचं. मार्चमध्ये पहिल्यांदा काटा नेहमीच्या जागेवरून थोडा वर दिसला. रेडिएटरमध्ये पाणी कमी झालेलं असायचं, आम्ही भरायचो.

पहिल्या गॅरेजवाल्याने बोनेट उघडलं, दहा मिनिटांत थर्मोस्टॅट काढून माझ्या हातात दिला. “वॉल काढून टाकला, ताई. हे थंड देशांतल्या गाड्यांना लागतं, आपल्याकडे गरजच नाही.” चारशे रुपये. मला ते पटलं. मुंबईच्या मार्चमध्ये घाम पुसत उभ्या असलेल्या कोणाला पटणार नाही?

पंधरा दिवस बरे गेले. मग पुन्हा पाणी कमी. दुसऱ्या गॅरेजमध्ये वॉटर पंप बदलला, तीन हजार दोनशे. त्यानंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढलंच. तिसऱ्याने केमिकल घालून सगळी लाइन धुतली, नवं कूलंट भरलं, अठराशे. आतून गंजाचं तांबडं पाणी निघालं ते त्याने बादलीत धरून दाखवलं आणि तिथे मात्र मी मान खाली घातली, कारण ती चूक माझी होती. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो, एरवी वापराला बोअरिंगचं पाणी. महापालिकेचं तलावाचं पाणी मवाळ, पण ते प्यायला पुरवून वापरतो. मग रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं जायचं ते बोअरिंगचं. गिझरच्या कॉइलवर जे पांढरं कवच चढतं तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आतून चढत होतं. चौथ्याने म्हणूनच रेडिएटर नवा टाकायला लावला, साडेसात हजार. आणि गायमुखच्या नंतर पाचव्याने गाडीला हातही न लावता सांगितलं, “गॅस्केट उडालंय. हेड खोलावं लागेल. पंचवीस हजार धरून चाला. खरं सांगू? विकून टाका, जुनी झाली.”

पाचही जणांत एक गोष्ट सारखी होती. पाचही म्हणाले, “बघायचे पैसे नाहीत, ताई. काम केल्यावर द्या.” आणि पाचही वेळा मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

सहावे अण्णा. साताऱ्याकडचे, सत्तरीला टेकलेले, चारकोपच्या औद्योगिक वसाहतीच्या मागच्या गल्लीत अर्धा गाळा. कांदिवलीत इंजिनाचं ज्ञान पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत आलं असं माझं मत आहे. आकुर्ली रोडवर महिंद्रचा कारखाना, १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीबरोबर भागीदारी करून ते ट्रॅक्टरच्या धंद्यात उतरले. त्या कारखान्याच्या भोंग्यावर कांदिवलीतल्या किती घरांत चहा ठेवला जायचा ते जुनी माणसं सांगतील. आज त्या बाजूला आकुर्ली नावाचं मेट्रो स्थानक आहे. अण्णा स्वतः तिथे कधी कामाला नव्हते, पण ज्यांच्या हाताखाली शिकले ते उस्ताद तिथून निवृत्त झालेले.

अण्णांनी बोनेट उघडायच्या आधी सांगितलं, “बघायचे दोनशे घेतो. काही निघालं नाही तरी दोनशे.”

मला राग आला. खरंच आला. म्हटलं, नुसतं बघायचे कसले पैसे? ते हसले, म्हणाले, “मग नका दाखवू.”

दोनशे ठेवले. त्यांनी स्टूल ओढलं, पुतण्याला समोर बसवलं आणि डॉक्टर विचारतात तसं विचारायला सुरुवात केली.

“तापते कधी?”

“कधीही, अण्णा.”

“कधीही असं नसतं. पहाटे वाशीला जाताना तापते?”

पुतण्या विचारात पडला. नाही. पहाटे रस्ता मोकळा, साठच्या वेगाने गेली तर काटा मध्यावर. येताना, आठ वाजता, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला ट्रॅफिक लागला की वर.

“ट्रॅफिक सुटला की?”

“खाली येतो.”

“आणि सकाळी गाडी चालू केली की काटा जागेवर यायला किती वेळ लागतो?”

“लवकर येतच नाही. हायवे लागेपर्यंत तळालाच असतो.”

अण्णा माझ्याकडे वळले. “थर्मोस्टॅट कोणी काढला?”

गाडी अजून बंद होती. बोनेटही बंद होतं. मला तर कुंडली बघणाऱ्यासमोर बसल्यासारखं झालं. पण त्यात चमत्कार काही नव्हता, ते त्यांनीच नंतर चहा पिताना सांगितलं. थर्मोस्टॅट म्हणजे एक लहान दार, आत मेण भरलेलं. पाणी साधारण ८२ अंशांना पोचलं की मेण फुगतं आणि दार रेडिएटरकडे उघडतं. तोवर पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं, म्हणजे इंजिन चटकन कामाच्या तापमानाला येतं. दारच काढून टाकलं की सकाळी इंजिन बराच वेळ थंड राहतं, डिझेल नीट जळत नाही, जास्त लागतं. आणि गंमत अशी की काही इंजिनांत तेच दार उघडताना दुसरी एक आडवाट बंद करतं. दार नसलं की आडवाट कायमची उघडी आणि गरम पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरला न जाताच परत इंजिनात. थोडक्यात, गाडी गार राहावी म्हणून काढलेल्या पार्टने ती आणखी तापते. मी घरी येऊन वही काढली. मार्चनंतर डिझेलचा खर्च वाढलेला होता, मी ते लग्नसराईच्या माथी मारलं होतं.

कधी तापते, या एका प्रश्नात अर्धं निदान असतं हे मला त्या दिवशी कळलं. उभी असताना तापते आणि पळताना गार होते, तर पाणी नीट फिरतंय, वारा मिळत नाही. पळताना मिळणारा वारा फुकटचा असतो, उभी असताना पंख्याने ओढावा लागतो. उलट, रिकामी उभी ठीक आणि वेगात किंवा भाराने तापते, तर रेडिएटर चोक, पंप मेला, नाहीतर नळी आतून चिकटली. चालू केल्या केल्या काही मिनिटांत उकळते आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, तेव्हा गॅस्केटची शंका घ्यायची.

गॅस्केटची शंका त्यांनी आधी मिटवली, कारण पंचवीस हजार त्यावर टांगलेले होते. इंजिन पूर्ण गार होतं तेव्हा झाकण उघडलं, मग चालू करायला लावलं. आम्ही तिघे त्या भोकात डोकावून बघत होतो, विहिरीत बघतात तसे. एकही बुडबुडा नाही. मग ऑइलची काडी ओढली. “पाणी ऑइलात गेलं तर ते दुधाच्या चहासारखं दिसतं. हा कोरा चहा आहे.” पांढरा धूर नाही. गॅस्केट शाबूत. पाचव्या माणसाने गाडीला हात न लावता जो आजार सांगितला होता तो नव्हताच.

मग झाकण. ते त्यांनी माझ्या हातात दिलं. स्प्रिंगच्या खाली रबराची चकती असते, अगदी कुकरच्या रिंगसारखी. नख रोवून बघा म्हणाले. नख रुतेना. रबर खडखडीत झालं होतं, कडेला बारीक चीर. रेडिएटरचं झाकण नुसतं झाकत नाही, दाब धरतं. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी शंभरऐवजी एकशे वीस अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून तूर लवकर शिजते. इथेही तेच, साधारण ०.९ बारचं झाकण असलं की पाणी शंभराच्या पुढेही उकळत नाही, इंजिन निभावून नेतं. रबर गेलं की दाब गेला. मग पाणी आधी उकळतं, बाहेर सांडतं, कमी होतं. आमचं मार्चपासून कमी होणारं पाणी कुठे जात होतं ते असं. नवा रेडिएटर टाकला तेव्हा चौथ्या गॅरेजने जुनंच झाकण त्यावर फिरवून दिलं होतं. झाकणाची किंमत एकशे ऐंशी.

“मूळ आजार हा,” अण्णा म्हणाले. “पण घाटात उकळायला एवढं पुरत नाही. अजून काहीतरी आहे. पेपर आहे का?”

गाळ्यात आदल्या दिवशीचा पेपर होता. त्यांनी मधलं एक पान सुटं केलं. गाडी चालू, जाळीपुढे उभे राहिले आणि ते पान रेडिएटरवर समोरून धरून सोडलं. पान मधोमध चिकटलं. चारी कोपरे मात्र सैल, पाखराच्या पंखासारखे फडफडत राहिले. अण्णांनी पान काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मग म्हणाले, “पंखा ठीक आहे. पण फक्त मधलाच वारा ओढतोय. बाकी बाजूने खेचतोय, फुकट. पंख्याभोवतीचं आवरण कुठाय?”

पुतण्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. पंख्याभोवती प्लास्टिकची एक मोठी चौकट असते, मधे गोल भोक, तिला कोणी काऊल म्हणतं कोणी श्राउड. तिच्यामुळे पंख्याला सगळा वारा रेडिएटरमधूनच ओढावा लागतो. विहिरीवर गेलं तर मोटेला थारोळं लागतं, नाहीतर पाणी पाटात न जाता इकडेतिकडे सांडतं, तसं. वॉटर पंप बदलायचा तर ही चौकट काढावी लागते. दुसऱ्या गॅरेजमध्ये ती काढली गेली, दोन स्क्रू तुटले असणार आणि मग ती परत बसलीच नाही.

“काळी, एवढी, मधे भोक?” मी हाताने दाखवत विचारलं.

“हो.”

ती मला माहीत होती. रोज बघत होते. माझी सवय आहे, बदललेला जुना पार्ट परत मागायचा. दुसऱ्या गॅरेजच्या पोऱ्याने जुना पंप आणि ही चौकट एकाच गोणीत भरून दिली होती. गोणी कोठीत पडली. मग कधीतरी आमच्या भाजी निवडणाऱ्या मावशींना ती सापडली, मधलं भोक बरोबर मापाचं आणि एप्रिलपासून कारागिरांच्या प्यायच्या पाण्याचा माठ तिच्यात बसवलेला होता. आम्ही सगळे त्या माठाचं गार पाणी पीत होतो आणि गाडी रस्त्यात उकळत होती.

अण्णांचं बिल: झाकण एकशे ऐंशी, थर्मोस्टॅट साडेसातशे, मजुरी सहाशे, बघायचे दोनशे. कूलंट त्यांनी स्वच्छ बादलीत काढून परत तेच भरलं, कमी पडलं तेवढं डिस्टिल्ड पाण्यात कालवून. बोअरिंगचं पाणी पुन्हा घालाल तर येऊ नका, असंही सांगितलं. रेडिएटर बदलला ते वाया गेलं नाही म्हणाले, जुना कधीतरी बदलावाच लागला असता, पण त्याचा पहिला नंबर नव्हता. बाकीचे उपचार मुळातल्या एकशे ऐंशी रुपयांच्या आजारावर झालेले आणि त्या उपचारांनी दोन नवे आजार जडवलेले.

आता माझं म्हणणं.

पहिल्या पाच जणांना चोर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. घरी मी तेच म्हणत होते. पण हिशेब लावून बघा. गाळ्याचं भाडं, दोन पोऱ्यांचा पगार, विजेचं बिल. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, बघ रे जरा. तो अर्धा तास बघतो, दोष सांगतो, गिऱ्हाईक मान डोलावून गाडी दुसरीकडे घेऊन जातं, कारण तिथे पार्ट शंभराने स्वस्त आहे. बघायला जे शिकलं, ज्यात तीस वर्षं गेली, त्याचे त्याला शून्य रुपये मिळतात. पैसे मिळतात ते फक्त पार्ट बदलला तर. मग तो काय करील? पार्ट बदलील. आम्हीच त्याला तसं शिकवलंय. ‘बघायचे पैसे नाहीत’ हे ऐकून मला बरं वाटत होतं, त्या बरं वाटण्याचेच बारा हजार नऊशे गेले.

हे मला कळायला हवं होतं, कारण माझ्याही धंद्यात हेच होतं. लग्नघरची माणसं येतात, दोन भाज्या चाखतात, मेनू ठरवायला मला दोन तास बसवतात, किती माणसांना किती किलो, उन्हाळ्यात मठ्ठ्याबरोबर काय द्यावं, अळू कुठून आणावं. मग तो कागद घेऊन तिसऱ्या केटररकडे जातात. मी बावीस वर्षं कुरकुर करते आहे की डोक्याच्या कामाचे कोणी पैसे देत नाही आणि अण्णांनी दोनशे मागितल्यावर मलाच राग आला!

डॉक्टरकडे आपण असं करत नाही. ते नाडी बघतात, विचारपूस करतात, ‘काही नाही, विश्रांती घ्या’ म्हणतात आणि आपण तीनशे-पाचशे देऊन आनंदाने बाहेर पडतो. काही निघालं नाही याचेच पैसे देतो. फ्रिज, मिक्सर, नळ, मोटर, गाडी, इथे मात्र काही निघालं नाही तर पैसे कसले? मग काहीतरी निघतंच.

मला कोणी म्हणेल, दोनशे घेऊनही काही जण पार्ट बदलतीलच. बदलतील. कोणी म्हणेल, रिक्षावाल्याला, भाजीवाल्याच्या टेम्पोला हे दोनशे जड आहेत. जड आहेत, मला माहीत आहे. पण पंचवीस हजारांचं हेड त्याला जास्त जड आहे आणि दोनशेत ते वाचतं. गॅरेजवर पाटी असावी, तपासणीचे एवढे, दुरुस्तीचे वेगळे, आणि तपासून जे दिसलं ते कागदावर लिहून द्यावं. कागद घेऊन मी दुसरीकडे गेले तरी पहिल्याचं काही बुडालं नाही. आणि ‘फ्री चेकअप’चे तंबू दिसले की मी तरी आता रस्त्याची दुसरी बाजू धरते.

गिऱ्हाइकानेही काही आणायला हवं. मी इतके दिवस गॅरेजमध्ये जाऊन “तापते” एवढंच सांगत होते. डॉक्टरला “दुखतं” एवढंच सांगून चालतं का? आता पुतण्याच्या डॅशबोर्डवर एक वही असते. तारीख, कुठे, उभी की चालू, भार किती, काटा कुठे, पाणी किती घातलं. पाच ओळींचं काम.

राहता राहिलं ‘जुनी झाली, विकून टाका’. हे मला गॅरेजवाल्याने सांगितलं, भावाने सांगितलं, सोसायटीच्या सेक्रेटरींनीही सांगितलं. जुनी झालीच आहे. दरवर्षी पासिंगला जाते. २०२१ साली केंद्राने जुन्या गाड्या मोडीत काढायचं धोरण आणलं. २०२५ च्या जानेवारीत प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डिझेल-पेट्रोलच्या गाड्या शहरातून टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का ते तपासायला सांगितलं आणि राज्याने सात जणांची समिती नेमली. माझा त्याला विरोध नाही. संध्याकाळी हायवेवर उभं राहिलं की घशाला जे लागतं ते मलाही लागतं. माझी पुढची गाडी बहुधा सीएनजीची असेल. पण एप्रिल-मे महिन्यांत माझी पिकअप जो जास्तीचा धूर सोडत होती, जास्तीचं डिझेल पीत होती, तो तिच्या वयाचा धूर नव्हता. चारशे रुपये घेऊन काढलेल्या एका पार्टचा होता. थंड इंजिन घाण जळतं. अशा थर्मोस्टॅट काढलेल्या किती गाड्या कांदिवलीच्या रस्त्यावर असतील मला माहीत नाही, पण अण्णा म्हणतात त्यांच्याकडे येणाऱ्या जुन्या डिझेल गाड्यांत तो जागेवर सापडला की त्यांनाच आश्चर्य वाटतं. पासिंगला ब्रेक बघतात, दिवे बघतात, धूर बघतात. धूर जास्त निघाला तर का निघाला, हे बघायचं काम कोणाचं आणि त्याचे पैसे कोणाचे?

जूनमध्ये पावसाच्या आधी ठाण्याची आणखी एक ऑर्डर होती, साखरपुडा, नव्वद माणसं. गायमुखला ट्रॅफिक होताच. मी सगळा चढ काट्याकडे बघत बसले होते. मध्याच्या केसभर वर गेला आणि तिथेच थांबला. पुतण्याने खिडकीतून हात बाहेर काढला होता, पोळल्याचा डाग अजून गुलाबी दिसत होता.

कोठीत मात्र नाराजी आहे. चौकट गाडीला गेल्यापासून माठ कलतो. मी मावशींना कापडाची चुंबळ करून दिली, ती भिजते. परवा पुतण्याने कुठून तरी एक काळं रबरी कडं आणून दिलं, अगदी मापाचं. मावशींनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, पदराने पुसलं आणि बाजूला ठेवून दिलं.

“ताई,” म्हणाल्या, “आधी अण्णांना दाखवून आणा. बघायचे दोनशे मी देते.”